वाघोलीच्या सर्व्हरला धडा

सोमवार, १७ नोव्हेंबर. स. ९.४०
आमच्या सदाशिव पेठेतल्या लॅबमधून रक्ताचे रिपोर्ट दर तासाला वाघोलीच्या हॉस्पिटलच्या सर्व्हरवर आपोआप जातात. ते पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, मीच लिहिलेली. आज अडकली. 'लॉगिन चुकीचं.' माझं काही चुकत नाही, म्हणजे त्यांचंच. तिथे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ऋतुजाला फोन केला. म्हणाली, "अहो काका, पासवर्ड शुक्रवारीच बदललाय. मेल बघा ना."
काका! सत्तेचाळीसचा आहे मी. मेल बघणार नाही. सूड घेणार.

दु. २.००
स्क्रिप्ट बदलली. लॉगिन नाकारलं की दर सेकंदाला पुन्हा प्रयत्न. तिकडे साठलेल्या नोंदी वाचून ऋतुजा रडकुंडीला येईल.

मंगळवार, १८
तिने आमचं अकाउंट लॉक केलं. घाबरली! रिसेप्शनवरच्या श्यामने विचारलं, पण रिपोर्ट जातायत का? कोत्या मनाचा माणूस.
एरर आली की लॅबच्या मालकीण सरोजिनी मॅडमना आणि पेशंटना मेसेज जातो. उगाच काळजी नको, म्हणून मजकूर बदलला: 'सर्व रिपोर्ट पोचले.' एरर हाताळणं म्हणतात ते हेच.

बुधवार, १९
लॅबचं सगळं कनेक्शनच तिकडून ब्लॉक. भ्याड. तिच्याविरुद्ध तक्रार लिहिली. आठ पानं. झोप छान लागेल.

गुरुवार, २०. स. ११.१५
रोहन नावाचे गृहस्थ वाघोलीहून स्कूटरवर आले. त्यांच्या आईचं, विजयमालाबाईंचं, आज ऑपरेशन होतं. सकाळपासून उपाशी ठेवलं आणि रिपोर्ट नाही म्हणून वॉर्डात परत आणलं. त्यांनी मोबाइल काउंटरवर ठेवला. 'सर्व रिपोर्ट पोचले.' म्हणाले, "कुठे पोचले, तेवढं सांगा."
प्रिंट काढून दिली. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. छातीत जळजळतंय. बहुधा मिसळ.
तक्रार पाठवली. आता बघच म्हणावं.

शुक्रवार, २१
तक्रारीला उत्तर म्हणून हॉस्पिटलने नोंदी पाठवल्या. एक लाख अडुसष्ट हजार वेळा चुकीचा पासवर्ड. प्रत्येक ओळीत माझं नाव. मॅडमनी उभ्या उभ्या वाचलं.
ऋतुजा स्वतः आली. स्क्रिप्टमध्ये तीन ओळी घातल्या: लॉगिन चुकलं तर थांब, आणि माणसाला खरं ते कळव. काम झालं, निघाली.
मॅडम म्हणाल्या, "उद्या राहिलेले रिपोर्ट तुम्ही स्वतः वाघोलीला नेऊन द्या."
उत्तम. ऋतुजाला ऐकवायला चार वाक्यं तयार केली. झोंबतील अशी.

शनिवार, २२. दु. १.३०
ऋतुजा रजेवर. हॉस्पिटलच्या खिडकीतल्या बाईंनी रिपोर्टचं पाकीट उघडलंही नाही. म्हणाल्या, रिपोर्ट कालच सर्व्हरवर आलेत. मॅडमना फोन लावला. म्हणाल्या, "माहीत आहे. तिसऱ्या मजल्यावर जा. विजयमालाबाईंना भेटून या."
ऑपरेशन काल झालं होतं. उशीला टेकून बसल्या होत्या, हाताला सलाईन. मला पाहून चष्मा लावला. म्हणाल्या, "या, बसा. आपण कोण?"
खुर्ची ओढून बसलो आणि सोमवारपासून सांगायला लागलो.