निखाऱ्यावरचं पातेलं

१८ फेब्रुवारी, मंगळवार
।। श्री ।।
आज आलं ते: दुधाचा डबा, निळा, ४०० ग्रॅम – ४२०. बाटल्या दोन – २४०. जास्तीची निपलं – ६०. बाटली घासायचा ब्रश – ४०. एकूण ७६०. मंगेशने वरवट बकालच्या मेडिकलमधून आणलं. बिल मागून घेतलं.
ओम साडेतीन महिन्यांचा, आणि आतापासून डबा. सूनबाईची रजा संपते, सोमवारपासून पतसंस्था. नवरा-बायको आठ दिवस मोबाईलमध्ये डबे बघत होते. ह्यात हे जास्त, त्यात ते कमी. शेवटी मी म्हटलं, "पोराले दूध पाजायचं हाय का त्याले नोकरीले लावायचं हाय?" वर्षा हसली. मग तोंड फिरवून रडली. अंगावरचं तोडायचं म्हटलं की आईचं असंच होतं. मंगेशच्या वेळेस मी दीड वर्ष पाजलं, तरी रडले होते.

२० फेब्रु., गुरुवार
महाराजांचा प्रकट दिन. पोथीचा एक अध्याय, झुणका-भाकरीचा नैवेद्य.
डब्यावरचं सगळं वाचून काढलं. अक्षर बारीक, पण मराठीत आहे. चमचा सपाट भरायचा, दाबायचा नाही. पाणी उकळलेलंच घ्यायचं. वर्षाला म्हटलं, तू काळजी करू नको, पाण्याचं माझ्याकडे. भाकरी झाल्या की चुलीत निखारे असतातच, त्यावर पातेलं ठेवून द्यायचं. गॅस जळत नाही आणि पाणी चांगलं तास-दोन तास उकळतं.
हे होते तेव्हा यांच्या किडनीपायी कॅनचं पाणी घेत होतो, रोज ३०. हे गेले, कॅन बंद केला. आता कोणासाठी? आपलं बोअर आहे. खारं आहे, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पण या पट्ट्यात कोणाचं गोड आहे?

२४ फेब्रु., सोमवार
एकादशी. वर्षाचा कामाचा पहिला दिवस. ओमने निपल थुंकून टाकलं, दुपारपर्यंत रडला, मग भूक जिंकली. वर्षाचा फोन अकराला, बाराला, परत अडीचला. संध्याकाळी आली ती दारातूनच हात पुढे करून. पदर दुधाने ओला.

२७ फेब्रु.
आता निमूट पितो. शेजारची शबाना कुंपणावरून वाकून बघत होती. तिची झोया ओमहून आठ दिवसांनी मोठी, अंगावरच पिते, टमाट्यासारखी लाल. "काकू, तुमचा तं डब्यावाला नवाब हाय! आमची पोट्टी अजून फुकटाचंच पिऊन राह्यली." मी म्हटलं, फुकटाचं तेच महाग असतं बाई, सांभाळ.

२ मार्च
ओम गप्प गप्प. खेळणं वाजवलं तरी नुसता बघतो. आंघोळ घालताना ओठांभोवती शाईचं बोट लागल्यासारखं दिसलं. पुसलं. पुसलं गेलं नाही. गार वारं लागलं असेल. कानटोपी घातली.

४ मार्च
वर्षाने आल्याबरोबर त्याची नखं उजेडात धरली. "आई, हे निळे काऊन दिसून राह्यले?" डबाच मानवत नाही असं दोघांचं ठरलं. मंगेश तसाच गाडीवर जाऊन पिवळा डबा घेऊन आला, ६९०. मेडिकलवाला म्हणतो हा पचायला हलका. महाग आहे म्हणजे बरा असेल, असं माझ्याही मनात आलं.
निळ्यातलं उरलेलं मी माझ्या चहात घालते. फेकवत नाही.

६ मार्च
पिवळ्यानेही काही फरक नाही. उलट दोनदा पातळ शी. माझंच कुठे चुकतंय का म्हणून सगळं परत सुरुवातीपासून केलं. बाटल्या उकळल्या, ओढणीच्या चार पदरांतून पाणी गाळलं. आता पातेलं तास-दोन तास नाही, रात्रभर निखाऱ्यावर. सकाळी काठोकाठचं अर्ध्यावर आलेलं असतं. एक जंतू राहणार नाही. अंगारा लावला. बाळाला सांभाळा, महाराज.

८ मार्च
सकाळी उठवला तर उठेना. पायाला गुदगुल्या केल्या तर डोळे उघडले आणि परत मिटले. रंग राखेचा. तालुक्याला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छाती ऐकली, नखं पाहिली, मला विचारलं, "पाणी कसं देता?"
"उकळून, गाळून. रात्रभर ठेवतो चुलीवर."
"छान. असंच चालू ठेवा."
मग वर्षाकडे बघून हळू म्हणाले, हृदयाला छिद्र असू शकतं, आजच अकोल्याला न्या.

११ मार्च, अकोला
हृदय चांगलं आहे. छिद्र नाही. महाराजांची कृपा.
मग काय आहे ते मात्र कोणी नीट सांगत नाही. ऑक्सिजन लावला होता. रक्त घेताना नर्स नळीकडे बघून थांबली, "लय काळं हाय," म्हणाली, आणि आमच्याकडे बघितलं नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, आणखी तपासण्या कराव्या लागतील, त्या इथे होत नाहीत. परत असं झालं तर एक क्षण थांबू नका.
इथे डबा पिवळाच. पाणी दुकानातल्या सीलबंद बाटलीचं, कारण वॉर्डाच्या नळावर मंगेशचा भरवसा नाही. आज तिसऱ्या दिवशी ओठ गुलाबी. माझं बोट धरून ओढत होता. वर्षाने चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

१३ मार्च, होळी
घरी. ओम छान आहे. पुरणाची डाळ शिजता शिजेना, सोडा घातला तेव्हा कुठे. संध्याकाळी त्याला कडेवर घेऊन होळीला नारळ वाहिला. जे काही होतं ते यात जळू दे म्हटलं.
पातेलं निखाऱ्यावर ठेवलं.

१५ मार्च
परत.
तोच रंग. आधी ओठ, मग नखं. वर्षा ओरडली नाही, तेच जास्त वाईट वाटलं. शांतपणे म्हणाली, "तिकडे बरा होते, इकडे आला की काळा पडते. आई, या घरात हाय काय?"
मला भिंतीवरचा यांचा फोटो दिसला. शेवटच्या महिन्यात यांचाही रंग असाच झाला होता. मनात आलं ते लिहीत नाही.
परत अकोला. एक रात्र.

१७ मार्च, चतुर्थी
अकोल्याहून वर्षा इथे आलीच नाही. ओमला घेऊन परस्पर माहेरी गेली, देऊळघाटला. रजा वाढवून घेतली आहे. मंगेश पोचवून आला. मी विचारलं, काही म्हणाली का? तर म्हणे, "तू पाह्यलं नं परवा तिच्याकडे? मंग विचारतं काय."
पाळणा दोरीसकट वर टांगून ठेवला आहे, कोणी रिकामा हलवू नये म्हणून.

१९ मार्च
वर्षाचा फोन. ओम हसतो, कुशीवर वळतो. डबा पिवळाच, बाटली तीच, चमचा तोच. "इथं तं मी नुसतं एक उकळी काढतो अन् देतो, आई."
डबा तोच. बाटली तीच. मग?

२० मार्च
आज ते पातेलं घासायला घेतलं. बुडाला पांढरं. नेहमीचंच, चिंच लावली की निघतं. आज निघेना. किती दिवसांचं साचलं होतं कोण जाणे. चमच्याने खरवडलं तर पापुद्रा निघाला, रांगोळीसारखा. जिभेवर ठेवला. खारट, मग कडू, मग जीभ आखडली.
दूध आटवलं की बासुंदी होते. रस आटवला की गूळ. मी इतके दिवस पाणी...

२१ मार्च
काल रात्री मुद्दाम पातेलं ठेवलं. सकाळी अर्धं. साधं बोअरचं एक पेला, हे एक पेला, दोन्ही चाखले. साधं आपलं रोजचं. दुसरं घशाखाली जाईना. ओतून टाकायला तुळशीपाशी गेले आणि हात थांबला.
मंगेशला सांगितलं. त्याने पेला तोंडाला लावला, थुंकला, तरी म्हणतो, "मीठ जास्त झालं असंन, त्यानं पोट्टं निळं पडते काय? सारं गाव पिते, आई."
"तुझ्या बाबाले डॉक्टर काय म्हणे?"
"काय?"
"पाणी बदला म्हणे."
उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने कॅनवाल्याचा भोंगा वाजला. उद्यापासून टाकायला सांगून आला.

२२ मार्च
कॅन आला. गारेगार, गोड लागलं. जीव खाली पडला. पेलाभर ओट्यावर राहिलं होतं, ते दुपारी प्यायले. कोमट झालं होतं. तीच चव. आपल्या बोअरची.
कॅनवाल्याला विचारलं, दादा, भरतो कुठून? "मशीनचं हाय काकू." कोणतं मशीन? "थंड करायचं." आणि हसला. यांना दोन वर्षं मी हेच विश्वासाने पाजत होते.

२३ मार्च
शबाना आली. झोयाला दूध पुरेना झालंय, नवरा बाजारातून डबा आणतो आहे. "काकू, तुमी पाणी कसं करता थे दाखवा न. तुमचं काम लय साफ राह्यते."
मी तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, अंगावरचं तोडू नको. डबा द्यायचाच पडला तर आपल्या गावच्या पाण्यात कालवू नको, आणि आटवू तर मुळीच नको. ती घाबरली. तिची सासू कुंपणापलीकडून ऐकत होती. "क्या बाता करते ताई! मेरे सात बच्चे इसी पानी पे पले. अब पानी को क्या नजर लगी?" मी म्हटलं, भाभी, तुमच्या सातांना पाणी कोणी पाजलं होतं? तुम्ही दूध पाजलं. तर म्हणे, "डॉक्टर ने बोला क्या?"
डॉक्टरने तर छान म्हटलं होतं. माझ्या जिभेचं कोण ऐकणार. कागद पाहिजे.

२५ मार्च, मंगळवार
वर्षाचा फोन. रजा आणखी वाढत नाही, एक तारखेला हजर व्हायचं आहे. तिची आई दवाखान्यात भरती, तिकडे बाळाला बघायला कोणी नाही. ३१ ला ओमला घेऊन येते. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आई, पाणी उकळून ठेवजा."
तेव्हा सगळं सांगितलं. पातेलं, पापुद्रा, कॅन. मग म्हणाली, "मंग देयाचं काय त्याले?"
सीलबंद बाटल्यांचं खोकं आणून ठेव म्हणून मंगेशला सांगितलं. आणतो म्हणाला. जाता जाता उंबऱ्यात थांबला. "अन् थ्या तरी कुठून भरत असतीन, आई?"
पाळणा उतरवला नाही अजून.
तीन बाटल्या धुऊन, वाळवून, भरून, चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या. उद्या मंगेश बुलढाण्याला प्रयोगशाळेत देईल. सोबत अर्ज. त्याची नक्कल इथे उतरवून ठेवते:

"मा. साहेब, पाणी तपासणी प्रयोगशाळा, यांस.
वि. वि. सोबत पाण्याच्या तीन बाटल्या पाठवीत आहे. बाटली १, आमच्या बोअरचे साधे पाणी. बाटली २, तेच पाणी, चुलीवर रात्रभर ठेवून अर्धे झालेले. बाटली ३, विकतच्या कॅनचे. माझा नातू पाच महिन्यांचा होत आहे. त्याचे डब्याचे दूध बाटली २ च्या पाण्यात मी स्वतः कालवीत होते. त्याचे ओठ व नखे दोन वेळा निळी पडली. हृदय चांगले आहे. बाहेरगावी त्याला काही होत नाही. तो ३१ तारखेला घरी येत आहे. शेजारीही एवढेच लेकरू आहे, त्याला याच आठवड्यात डबा सुरू होणार आहे. अहवालास वेळ लागतो असे समजले. तरी बाटली २ आधी बघावी. कोणते पाणी द्यावे हे सांगता येत नसेल तर कोणते देऊ नये एवढे तरी लिहून, शिक्का मारून द्यावे. तिकीट लावलेले, पत्ता घातलेले पाकीट सोबत जोडले आहे. कृपया उलट टपाली कळवावे."