दिसायचा दात

चाकाचे बूट मी पाठवले, हे मी मागच्या पत्रात कबूल केलं, आताही करतो, आणि हवं असेल तर यापुढे प्रत्येक पत्राच्या पहिल्या ओळीत लिहीत जाईन. पण सासूबाई, त्या बुटांबरोबर गुडघ्याला बांधायच्या गाद्या होत्या, कोपराच्या होत्या, डोक्यावर घालायचं शिरस्त्राण होतं. दातांना बांधायचं तेवढं दुकानात मिळत नव्हतं, मी विचारलं होतं. (विचारलं नव्हतं. पण मिळत नव्हतं हे नक्की.) तुम्ही लिहिलंत की बापाच्या पायाला भिंगरी होतीच, आता ती लेकीच्याही पायाला बांधली. वाक्य चांगलं जमलंय. खोलीतल्या दोघांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, बाईंची जीभही कात्रीसारखीच चालते वाटतं. मी म्हटलं, कात्रीला निदान धार लावायला लागते.

नमस्कार लिहायचा राहिला, तो इथे घ्या. तुमचे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता की बाटली कपाटात बघूनच बरं वाटतं? मशीनचा पट्टा बदलून घ्या, मागच्या वेळी मी बघितलं तेव्हा तो दोरीने बांधलेला होता आणि शाळेचे दोनशे गणवेश तुम्ही त्या दोरीवर काढलेत. मी बरा आहे. पत्र घरच्या पत्त्यावर न पाठवता तुमच्या शिलाईच्या दुकानावर पाठवलंय, त्याचं कारण शेवटी आहे. उडी मारून आधी शेवट वाचू नका. (वाचलात ना? आता परत वर या.) फोनवर बोललो असतो, पण आपल्या घरात फोन म्हणजे सभा. तुमची लेक आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवते, तुम्ही मशीनवरून बोलता, शेजारीण दारातून बोलते, आणि मला वाटतं मी एकटाच ऐकायला बसलोय. एकटी टिटवीच हल्ली बोलत नाही. हे नावही तुम्हीच ठेवलंत, सकाळी डोळा उघडला की पोरगी ओरडायला लागते म्हणून. आणि आता तुम्हीच लिहिता की घर कसं खायला उठतं.

तर मुद्द्यावर येतो. तुम्ही विचारलंत की जावईबापू, ते विम्याचं कार्ड काय चाटायचं? रागावण्याचा तुम्हाला हक्क आहे, कारण मागच्या खेपेला मीच ते कार्ड तुमच्या कापड कापायच्या टेबलावर आपटलं होतं आणि शेजारणीच्या देखत म्हणालो होतो, की आता डोक्याच्या केसापासून पायाच्या नखापर्यंत सगळं कंपनी बघणार, माझं, बायकोचं आणि पोरीचं. त्यात दात मध्ये येतात असं मला वाटलं. कोणालाही वाटेल. केस आणि नखं यांच्या मधेच आहेत ते.

पण तसं नाहीये. सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून विम्याच्या हापिसात गेलो. चौथा मजला, सगळीकडे काच, आत आमच्या शीतगृहाएवढीच थंडी. (आम्हाला उणे वीसमध्ये मटारची खोकी रचायला जाड कोट देतात. इथे काही देत नाहीत.) यंत्रातून चिठ्ठी काढायची, माझा नंबर चौसष्ट, चालू होता एकोणीस. समोर भिंतीवर मोठं चित्र, आई, बाप, पोरगा, पोरगी, चौघंही तोंड फाटेस्तोवर हसतायत. दोन तासांत मी त्या पोराचे वरचे दात मोजले. दहा दिसतात. एकही तुटलेला नाही, म्हणून हसतोय.

तिथे खिडक्या दोन. डावी आजारपणाची, उजवी दातांची. मी सरळमार्गी माणूस, आधी डावीकडे गेलो, कारण पडणं म्हणजे अपघात आणि अपघात डावीकडे, असं पाटीवरच लिहिलं होतं. तिथला टायवाला पोरगा माझ्याच वयाचा असेल. त्याने विचारलं, काय झालं. म्हटलं, माझी सात वर्षांची मुलगी पडली, पुढचा नवा दात अर्धा गेला. तो म्हणाला, दात उजवीकडे. म्हटलं, पण ती पडली ना. तर म्हणाला, पडली ती डावीकडे, तुटला तो उजवीकडे. दाताचं डावीकडे घेतो, पण त्यासाठी पडल्या-पडल्या चोवीस तास दवाखान्यात झोपलेली पाहिजे. मी विचारलं, आता झोपवली तर? तेव्हा पडून तेवीस दिवस झाले होते. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की तुमचीच आठवण झाली.

उजव्या खिडकीत चष्मेवाली बाई होती. तिने टिटवीचा फोटो बघितला (तोंड मिटलेला; दुसरा काढूच देत नाही, तुम्हाला माहीत आहे), आपल्याकडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी वाचली, आणि म्हणाली, उरलेल्या दातावर टोपी बसवायला लागणार. म्हटलं, हो, तेच म्हणतोय. म्हणाली, टोपी मिळणार नाही. का? तर हा पुढचा दात. मागची दाढ असती तर ती चावायची, म्हणून गरजेची. पुढचा दात दिसायचा. दिसायच्या दाताला टोपी म्हणजे नटणं-मुरडणं, त्याचे पैसे विमा देत नाही. मी म्हटलं, बाई, पुढच्या दाताने पण चावतात, ही पोरगी आतापर्यंत चार पेन्सिली आणि माझा एक कान चावलीय. तिने हसू दाबलं, पण नियम काही दाबला नाही. मग पुस्तक उलटून म्हणाली, एक होऊ शकतं, दात काढून टाकायचा असेल तर पूर्ण खर्च मिळेल. आजच मंजूर करून देते.

मी खुर्चीत बसलो तो उठेचना. म्हणजे बघा, वाचवायचा म्हटला तर नटणं, उपटायचा म्हटला तर उपचार. तुमच्याकडे एखाद्या पोराचा नवा सदरा कोपरावर फाटून आला आणि तुम्ही म्हणालात की ठिगळ लावणं ही चैन आहे, बाही कापायची असेल तर फुकट कापते, तर तुमच्या दुकानात परत कोणी येईल का? मी हे तिला असंच्या असं सांगितलं. (तुमचं नाव न घेता.) तेव्हा ती चष्मा काढून पुसायला लागली आणि हळूच म्हणाली, दादा, माझ्या मुलाच्या दातांच्या तारा मी हप्त्याने लावल्यात, आणि मी या खिडकीच्या आत बसते. मागे पासष्ट नंबरवाला खाकरायला लागला होता.

तरी तिने एक अर्ज दिला. म्हणाली, वरच्या लोकांकडे पाठवते, कधी-कधी होतं. अर्जात बाकी सगळं टिंब-टिंब, नाव, नंबर, तारीख, आणि खाली एक चौकोन: दातामुळे होणारी अडचण, दोन ओळींत. माझं शिक्षण तुम्हाला माहीत आहे, लग्नाच्या आधी तुम्हीच शाळेत जाऊन खात्री केली होती. पण त्या दिवशी मी नीट लिहिलं. लिहिलं की ही मुलगी आधी दम न घेता बोलायची, आता तोंडावर हात ठेवून मान हलवते. वर्गात मोठ्याने वाचायचा तिचा नंबर पहिला असायचा, आता बाईंनी उभं केलं तर रडते. लांब असलेल्या बापाशी फोनवर बोलत नाही. दोन ओळी संपल्या म्हणून शेवटचं वाक्य कडेने उभं लिहिलं.

नवव्या दिवशी उत्तर आलं. छापील कागद, खाली सही पण छापलेली. बोलणे कमी होणे ही बाब सदर योजनेत समाविष्ट नाही. दात काढल्यास खर्च पूर्ण देय. सोबत लहान मुलांसाठी एक दात घासायचा ब्रश भेट. ब्रश गुलाबी आहे, पाठीवर ससा आहे, या पत्राबरोबर पाठवतोय. टिटवीला द्या. कोणी दिला ते सांगू नका.

आता तुम्ही म्हणाल, जावयाने मग काय केलं, गप्प घरी आला? नाही. माझे दात धुऊन घेतले. हसू नका, खरं सांगतोय. चष्मेवालीने माझं नाव यंत्रात टाकलं आणि म्हणाली, तुम्ही वर्षभरात काहीच वापरलेलं नाही, तुमची सफाई आणि दोन दाढा भरणं बसतं, महिनाअखेर गेली की तेही बुडेल. फुकटचं बुडू देणारा मी नाही (हे मी तुमच्याच घरात शिकलो), म्हणून तीन फेऱ्या मारल्या. इथल्या डॉक्टरने तंबाखूचा दहा वर्षांचा थर खरवडला, दाढा भरल्या, वर शाबासकी दिली. आता माझे दात चित्रातल्या त्या पोरासारखे झालेत. दिवसभर उणे वीसमध्ये ते एकमेकांवर वाजतात आणि त्यांच्याकडे बघायला मटार सोडून कोणी नाही. ज्याच्यासाठी गेलो तो दात अर्धाच, आणि ज्यांचं कोणाला पडलेलं नाही ते बत्तीस चकचकीत. त्यातल्या एकाचा खर्च टिटवीच्या नावावर टाकून देता येईल का, हेही मी विचारून आलो. टायवाला पोरगा नाही म्हणाला.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तुमच्या लेकीने मला कळवलंय. आतली नस अजून जिवंत आहे, वरचं तात्पुरतं भरलेलं दोनदा पडलं, दुसऱ्यांदा पडल्यापासून महिन्याभरात टोपी बसली तर दात राहील, नाहीतर नस मरेल आणि मग काढायलाच लागेल. (तेव्हा विमा धावत येईल.) महिन्यातले बारा दिवस उरलेत. तुम्ही लिहिलंत की तुम्ही मशीन गहाण टाकून बघता. टाकू नका. दोरीने बांधलेलं मशीन कोणी घेत नाही, आणि घेतलं तर मला झोप लागायची नाही.

बाकी सगळं ठीक. या नोकरीत परवा मला अकरा महिने पूर्ण झाले. तुम्ही शेजारणीपाशी दोन म्हणाला होतात, हे मला माहीत आहे. चूकभूल झाली असेल तर मनावर घेऊ नका, घेतलीत तर पत्रातूनच रागवा, म्हणजे मला परत वाचता येतं.

तुमचा, अजून त्याच जागी टिकलेला,
जावई

ता. क. पुढच्या महिन्यात पंधरा दिवस येतो म्हणालो होतो, ते रद्द. घरी सांगा की हंगामाचा माल जास्त आला आणि साहेबाने सुट्टी नाकारली. साहेबाने नाकारलेली नाही, तो तर आश्चर्याने हो म्हणाला होता. जायचं-यायचं विमानाचं तिकीट मी परत केलं. खिडकीवरच्या माणसाने त्यातले काही पैसे कापून घेतले, पण तो निदान एकाच खिडकीवर बसतो.

परत ता. क. टोपी आता बसली तरी पोरगी मोठी झाल्यावर बदलायला लागते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चष्मेवालीला विचारलं, तर एकाच नोकरीत दोन वर्षं सलग भरली की वरच्या योजनेत जाता येतं, आणि त्यात टोपी बसते, दिसायच्या दाताचीसुद्धा. मी तिच्याकडून लिहून घेतलंय, सहीसकट, छापलेली नव्हे. म्हणजे अजून तेरा महिने इथून हलायचं नाही. टिटवी अठराची होईपर्यंत म्हटलं तर अकरा वर्षं होतात, पण तो आकडा मला सांगू नका, पाय शिवशिवतात. आधी तेरा महिने बघू. चाकाचे बूट माळ्यावर ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका.

शेवटचं, ज्याच्यासाठी पत्र दुकानावर पाठवलं. घरी दोघींना सांगायचं की पैसे विम्याने दिले. मी सांगितलं तर तुमची लेक दोन मिनिटांत ओळखेल की तिकीट गेलं, आणि रडेल, आणि टिटवी टोपी बसवायला नाही म्हणेल, ती तशीच आहे. पण तुम्ही महिनाभर त्या कार्डाला शिव्या घातल्यात, शेजारणीलाही ऐकवल्यात. तुमच्याच तोंडून निघालं की विमा पावला, जावयाचं खरं झालं, तर घरात कोणी शंका घेणार नाही. सांगताना तोंड जरा पाडून सांगा, हरल्यासारखं. एकदाच करायचंय, परत मागणार नाही. टोपी बसली की तिला फोनवर आणा आणि आवाज मोठा करू नका, मला एकट्याला ऐकू द्या. आणि विमा कंपनी असला वेडावाकडा आकडा कसा देते असं कोणी विचारलं, तर म्हणा त्यांचं सगळंच तसं असतं. तिकिटाचे कापून हातात आले ते सगळे पाठवतोय, टोपी होऊन उरतील त्यात तुमचे डोळ्यांचे थेंब आणा. अकरा हजार सहाशे चाळीस.