भिंती धुणाऱ्या दोघी

१० मार्च
पिंप्राळ्याचे जीवरामनाना फाटकातच अडले. "माणूस कुठंय?" म्हटलं, माणूस तीन वर्षं सुरतला कामाला, जोरात पाणी मारायचं मशीन इथं. कुठली भिंत धुवायची, बोला! सासूबाई टेम्पोतून पाइपाची वेटोळी उतरवत होत्या. नानांनी आम्हा दोघींकडे पाहिलं, मग आपल्या बंगल्याकडे — दहा वर्षांची कबुतरांची घाण. नाइलाज!

११ मार्च
पाण्याचा जोर असा, की शेवाळ पापडासारखं सुटतं. मजा येते. इतकी, की पाइपाची गन मी जरा जवळ धरली आणि भिंतीवरच्या 'मातृछाया'मधलं 'मातृ' उडालं. उरली नुसती छाया. नाना बोंबलले. सासूबाई शांत — "नाना, रंगच कच्चा शे. पानीना काय दोष?"

१२ मार्च
सासूबाईंनी हट्टानं गन घेतली. घोडा दाबला आणि धक्क्यानं थेट जास्वंदीत बसल्या. गन सोडली नाही मात्र! नाना, नानांचा चहा, नानांचा पेपर — बठ्ठं धुऊन निघालं. बासष्ट वर्षांची बाई चिखलात बसून मला विचारते, "आते कोठे मारू?"

१५ मार्च
कंबर गेली. दोघींची.

१९ मार्च
सुरतहून पिंटूचा फोन. दिवाळीनंतरचा दुसरा. "बायकोनं लोकांच्या भिंती धुवायच्या? मशीन विकून टाक. लोक हसतात." म्हटलं, सुरतेत हसतात की जळगावात? नवरा आहेस ना, येऊन ऐक की! त्यानं कट केला. एरवी 'मना पोऱ्या काय म्हने' करून डोकं खाणाऱ्या सासूबाई भाकरी थापत राहिल्या.

२२ मार्च
धुळ्याचं काम आलंय. देवपुरातली तीन मजली इमारत. लांब पडतं, मी नकोच म्हणत होते. सासूबाईंनी परस्पर हो सांगून टाकलं!

२४ मार्च, धुळे
सकाळी मशीन लावलं. समोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, एक माणूस छोटे छोटे फ्रॉक वाळत घालत होता. पिंटू. सुरतवाला! मागून एक बाई आली, कडेवर दीडेक वर्षांची मुलगी. मी नुसती उभी. गन हातात, पाणी बंद.

"माले ठाऊक व्हतं," सासूबाई म्हणाल्या. "भाचीनी सांगेल व्हतं. तू सोता देख, म्हनीसन आनलं तुले."

बाई मुलीला घेऊन आत गेली. सासूबाईंनी माझ्या हातातून गन घेतली आणि रस्त्यातून ओरडल्या, "पिंट्या!" तो वाकला. त्यांनी घोडा दाबला. एवढ्या लांबून लागत नाही, फक्त भिजवतं. पण काय भिजवलं!

मग आम्ही आमची इमारत धुतली. तिन्ही मजले. काम घेतलं होतं ना.

२५ मार्च
रडले. सासूबाईही. एकमेकींकडे पाठ करून.

२ एप्रिल
दार वाजलं. तीच बाई. रोशनी नाव. कडेवर मुलगी, खांद्याला एक पिशवी. टेम्पोवरच्या फोन नंबरवरून पत्ता काढत आली. त्या दिवसापासून पिंटू तिच्याकडेही फिरकलेला नाही. तिला त्यानं आधी सांगितलं होतं, पहिली बायको वारली; भिजून आत गेल्यावर खरं बाहेर पडलं.

"जिवंत आहात ना," म्हणाली, "तेच बघायला आले."

मी तिच्या खांद्यावरची पिशवी घेतली. आणि दारातून बाजूला झाले.