तिसरं भांडं

दत्ता,

प्रिय-बिय मला जमत नाही. धाकट्या भावाला कोण प्रिय लिहितं? शाळा सातवीपर्यंतची, त्यात आता हात कापतो. अक्षर लावून घे.

उद्या तुझं वर्षश्राद्ध. फोटोला मोठा हार, भाषणं, असलं काही नको म्हणून मी आधीच बजावलंय. पण ताटावरून घोळ झालाय, आणि तो माझ्याच शब्दामुळे. मग कोणाशी बोलू? तुझ्याशीच बोलते.

परवा धायरीला तुझ्या घरी बसलो होतो, ताटात काय काय करायचं ते ठरवायला. खीर, वडे, गवार, भोपळा. झालं, उठणार, तर तुझी सुमन म्हणाली, "आणि अळंबीची भाजी. ह्यांच्या शेडमधली."

आपला चुलतभाऊ नाना लगेच ताठ. "वहिनी, डोकं ठिकाणावर हाय का? श्राद्धाला वशाट?"

"वशाट नाही ते, भाऊजी."

"मग बाहेरच्या पातेल्यात का शिजवता? आक्कानंच ठरवलंय ते. विचारा की आक्काला!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

ते पातेलं! मटणाचं, काळं पडलेलं, नळाजवळ पालथं घातलेलं. घरात यायचं नाही. माझ्या गळ्यात माळ, मी त्याला हात लावत नाही. तू मेथी-कोथिंबीर सोडून अंधाऱ्या शेडमध्ये अळंबीसाठी भाताच्या काडाच्या पिशव्या टांगल्यास, तेव्हा मी मार्केट यार्डात पालेभाजी विकत होते. बायका विचारायच्या, भाऊ काय पिकवतो? मी म्हणायचे, कुत्र्याच्या छत्र्या. आणि तुला सांगितलं, असलं काही शिजवायचं तर वशाटाच्या पातेल्यात.

तू किती समजावलंस! "आक्का, यार्डात भाजीच्या गाळ्यावर उतरतं ते, मटणाच्या दुकानात नाही."

"दिसतंय मटणासारखं. लागतंय मटणासारखं, असं खाणारे सांगतात. मग कशाला फाटे फोडतोस?"

मग तू जुन्या बाजारातनं तो मायक्रोस्कोप घेऊन आलास. आठवतंय? मला खिडकीशी बसवलंस. आधी कांद्याचा पापुद्रा. विटांची भिंत रचल्यासारखं दिसलं. तू म्हणालास, "ही एकेक वीट म्हणजे पेशी. मधला ठिपका तिचं केंद्रक, तिथनं सगळा कारभार चालतो." मग माझ्याच गालाच्या आतलं खरवडून काचेवर ठेवलंस. त्याला भिंतच नाही, नुसते पसरट डाग. "आपल्या पेशीला भिंत नसते, आक्का. झाडाच्या पेशीला असते." आणि शेवटी तुझी अळंबी. नुसते धागे.

"ह्याला भिंत आहे?" मी विचारलं.

"आहे. पण झाडाच्या भिंतीसारखी नाही. खेकड्याचं कवच असतं ना, त्यातलाच माल."

"खेकडा? म्हणजे वशाटच की!"

कपाळाला हात लावलास! "अगं, ना झाड, ना प्राणी. हे घराणंच वेगळं. दोनच खाने का करतेस?" मी उठले. मला रात्रीच्या भाकऱ्या करायच्या होत्या. पातेलं बाहेर ते बाहेरच राहिलं.

आणि तू तरी काय? घर तुझं, बायको तुझी, पीक तुझं. एवढी वर्षं त्या पातेल्यातलं निमूट खाल्लंस. एकदा तरी आत आणून आपटायचंस माझ्यासमोर! मी चार शब्द बोलले असते, तू चार बोलला असतास, संपलं असतं. मोठ्या बहिणीचा मान एवढा ठेवायचा असतो का रे?

दवाखान्यात डॉक्टर रक्ताचं काहीबाही सांगत होता. मला कळेना, विचारलं की तो घड्याळाकडे बघायचा. शेवटी तूच पडल्या पडल्या सांगितलंस. "आक्का, प्रत्येक पेशीला आपापलं काम शिकावं लागतं. लाल पेशी प्राणवायू वाहून नेते, पांढरी राखण करते. माझ्या पांढऱ्या पेशी अर्धवटच राहतायत. शिकायच्या आधीच बाहेर पडतात."

"म्हणजे माझ्यासारख्या. सातवीतून काढलेल्या."

केवढा हसलास! हाताची नळी हलली म्हणून नर्स ओरडली. मग डोळे मिटून म्हणालास, "तू निदान कामाला तरी आलीस."

असलं बोलून जायचं असतं का, दत्ता? मी उत्तर शोधत बसले, आणि तू उत्तराला थांबलाच नाहीस.

तर परवा सगळे माझ्याकडे बघतायत, आणि सुमन उठून उभी राहिली. वर्षभरात तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. म्हणाली, "त्यांनी आयुष्यभर दुसरं काय केलं हो? ते जर ताटात नसेल, तर ते ताट कोणाचं?"

  मी नंतर सांगते म्हणाले आणि बिबवेवाडीला माझ्या घरी निघून आले.

रात्रभर विचार-बिचार काही केला नाही. मला झोप लागते. सकाळी उठले आणि भांड्यांच्या दुकानात गेले. वशाटाच्या पातेल्यात तुला आता घालणार नाही. रोजच्या कढईतही नाही, माझी माळ आहे आणि माझा हट्टही आहे. तूच म्हणालास ना, तिसरं घराणं? मग तिसरं भांडं. जाड बुडाचं, झाकणाचं, स्टीलचं घेतलं.

दुकानदार म्हणाला, "आजी, नाव घालू?"

"घाल. दत्ता."

"पुढे कैलासवासी लावू?"

"नको. रोज चुलीवर चढायचंय ते."

उद्या सकाळी ते काखेत मारून धायरीला येते. भाजी मी करणार, सुमन चिरून देईल. कांदा-लसूण नाही, जिरं आणि मिरी. तुझ्या ताटात वाढीन. नाना बोलेल, बोलू दे. खेकड्याचं मात्र मी त्याला सांगणार नाही. भांडं तुझ्या घरात राहील, आत, बाकीच्या भांड्यांच्या रांगेत. ते बाहेर ठेवायला मीसुद्धा सांगितलं तरी सुमननं ऐकायचं नाही, हे तिला सगळ्यांसमोर बजावीन.

आणि पंगतीला बसले की माझ्या पानातही ती भाजी वाढून घेईन. खाईन. हा माझा शब्द.

आवडली नाही तर तुझ्या फोटोला तोंडावर सांगेन. खोटं कौतुक मला जमत नाही, तुला माहीत आहे.

तुझी,
सातवीतून काढलेली
आक्का