शेवटच्या फाटकाशी थांबलेले चौघे

मी, मुंजाजी त्रिंबक देवकते, वय वर्षे ६४, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, राहणार किल्ले धारूर, जिल्हा बीड, आज सकाळच्या गोळ्या घेऊन, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने किंवा भरीस पाडण्याने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझे डोके ठिकाणावर नाही असे धाकट्या भावाने, म्हणजे बजरंगने, गावभर केले आहे. त्याला उत्तर कलम ४ मध्ये आहे.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे काही नाही. हेच वाक्य मी तेहतीस वर्षे म्हशींच्या मालकांना सांगत आलो, त्यामुळे त्यात किती दम असतो हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच लिहितो. वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता. त्यातला मजकूर त्यांना मरायला बरा आहे, मला नाही. वाक्ये माझी आहेत.

कलम १. किल्ल्याच्या वाटेवरचे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर आणि डोंगरकडेची तीन एकर जमीन माझ्या स्वकष्टाची असून ती माझा एकुलता मुलगा सोमनाथ, वय ३३, नोकरी चाकण, याला मिळावी. वकीलसाहेब म्हणाले, "अट घाला. वर्षातून दोनदा घरी येईल, असं काहीतरी." मी अट घालत नाही. अटीपायी आलेला पोरगा उंबऱ्यात उभा राहून घड्याळच बघणार. त्याने घर विकले तरी माझी तक्रार नाही. पण दारातली बाभूळ तोडू नये, तिच्यावर सुगरणींची घरटी आहेत.

कलम २. बँकेतली ठेव सोमनाथचीच. माझे दिवस वीस जणांत उरकावेत. स्पीकर लावू नये.

कलम ३. लसीची थंड पेटी, सुया, खच्चीकरणाचा चिमटा आणि काळी घोंगडी शेजारचे गहिनीनाथ यांना द्यावी. चिमटा ते वापरू शकणार नाहीत, पण मागत मात्र दहा वर्षांपासून आहेत. त्यांच्याकडे माझी एक शेळी अर्धलीने आहे, म्हणजे शेळी माझी, सांभाळ त्यांचा आणि पिल्ले निम्मी-निम्मी. ती शेळी आता पूर्ण त्यांची. दुसऱ्या शेजारी केशरबाई यांनी सात वर्षे मला भाकरी पोचवली. पण त्या साक्षीदार आहेत, सबब वकीलसाहेब म्हणतात त्यांच्या नावे काही ठेवू नये. हा कायदा ज्याने केला त्याने कधी दुसऱ्याच्या हातची भाकरी खाल्लेली दिसत नाही.

कलम ४. बजरंग यास काही नाही. वाटणीच्या वेळी त्याने आमची पांढरी घोडी घेतली आणि महिन्याच्या आत बाजारात विकली. त्या घोडीवर माझी बायको मंगल दोन वर्षे बिऱ्हाड वाहत होती. घोडी जाताना मंगल गोठ्यात जाऊन रडली. बजरंग म्हणतो, "म्हातारपणी कॉम्प्युटरवर राक्षस मारत बसतो, येडा झालाय बे तो." मारतो. आजवर तीनशे बारा लढाया जिंकलो. त्याने एक जिंकून दाखवावी, मग बोलावे. खेळातल्या चोराचे नाव मी बजरंग ठेवले आहे. ते त्याची पळण्यातली चपळाई बघून ठेवले, असे त्याने समजावे.

कलम ५. आता कॉम्प्युटर. तो सोमनाथने कॉलेजात असताना घेतला आणि त्यातला खेळही त्याचाच. चार जणांची टोळी घेऊन डोंगर, गुहा, पूल पार करत एका काळ्या गढीपर्यंत जायचे असते. लढाई आळीपाळीने होते. आधी आपला डाव, मग शत्रूचा. आपण चहा करून आलो तरी राक्षस हत्यार उगारून तसाच उभा. या घरात माझी वाट बघणारा आता तेवढाच आहे. सोमनाथने खेळ सगळ्यात कठीण प्रकारात लावलेला आहे. त्यात जो पडतो तो कायमचा पडतो, आणि जे झाले ते खेळ आपोआप लिहून ठेवतो. मागे फिरून दुरुस्ती करता येत नाही. लढाईतून पळून येता येते, एवढी एकच दया.

टोळीतल्या वैदू बाईला त्याने आईचे नाव दिले होते. मंगलने ते पाहिले तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती. "माझ्या हातात ती काठी कावून दिली रं? मी काय मेंढरं हाकते का तिथं?" ढालवाल्याला माझे नाव होते, तिरंदाजाला त्याचे स्वतःचे. चौथा तो कलम ४ मधला चोर.

कलम ६. ही कबुली आहे. वकीलसाहेब म्हणाले, "हे कलमात बसत नाही." मी म्हणालो, बसवा.

आम्ही मेंढपाळ. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन बाहेर पडायचे, आणि वाटेची रीत ठरलेली. सकाळी बाया घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढे निघणार, मुक्कामाचे रान गाठून चूल मांडणार. गडी मेंढरे चारत दिवस मावळता मागून पोचणार. "तू पुढं हो, मी मागून येतो." नोकरी लागण्याआधी हे वाक्य मी मंगलला रोज म्हणत होतो. त्यात माया होती. पुढे पाठवणे म्हणजे तिला धुळीतून वाचवणे.

२०१८ च्या ऑगस्टात मी एका तांड्यावर लाळ-खुरकुताची लस टोचत होतो. मंगलचा फोन आला, छातीत दुखतंय म्हणाली. अकरा जनावरे राहिली होती. मी म्हणालो, "तू जीप धरून अंबाजोगाईला पुढं हो, मी मागून येतो." अकरा जनावरे टोचली, मग मोटरसायकल काढून तांड्यावरून सरळ दवाखाना गाठला. ती पोचली नव्हती. पाऊण तासाने जीप आली, तेव्हा ती गेलेली होती. जीप वाटेत बंद पडली असावी असे मी धरून चाललो. कोणाला विचारण्याची छाती झाली नाही.

त्यानंतर सोमनाथने मला खेळ शिकवला. दर रविवारी फोन. "आण्णा, आधी बोलावणाऱ्याला मारा. त्यो दुसऱ्यांना बोलावतो ना, त्याला." मी शब्दकोश घेऊन इंग्रजी वाचायचो. दीड वर्ष आम्ही बापलेक इतके बोललो की त्याच्या सगळ्या लहानपणात एवढे बोललो नव्हतो. तो दर वेळी विचारायचा, "आई कशी हाय?" मी सांगायचो, "बरी हाय, अंगावर जखम न्हाई." आम्हा दोघांनाही माहीत होते आपण काय विचारतोय. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला काळ होता, हे मी लाज न बाळगता लिहितो.

मग तो पूल आला. पुलापलीकडे शेकोटी दिसत होती, म्हणजे मुक्कामाची जागा. मी रीतीप्रमाणे मंगलला पुढे काढले. शेकोटीमागे तीन भालेवाले दबा धरून होते. एका डावात ती पडली. तिच्या नावापुढे छोटा दगड आला, आणि खेळाने ते लिहून ठेवले.

मी सोमनाथला सांगितले नाही. पाच रविवार "बरी हाय" म्हणत राहिलो. दिवाळीला तो घरी आला, अंघोळ करून कॉम्प्युटर लावला आणि दगड बघितला. मला विचारले, "कसं झालं?" मी पूल सांगितला. त्याने कॉम्प्युटर बंद केला. मग म्हणाला, "तिथं बी तिला एकटीला पुढंच धाडलं ना, आण्णा?" फराळाचे ताट तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. याला चार वर्षे झाली. आता दिवाळीला एक मिनिट फोन येतो. तब्येत बरी का, हो, ठेवतो.

कलम ७. तो गेला त्याच आठवड्यात मी खेळ पहिल्यापासून सुरू केला. तीच नावे, तोच कठीण प्रकार. मनाशी एकच धरले, या वेळी मंगलला ओरखडा येऊ द्यायचा नाही. चार वर्षे ती सगळ्यांच्या मागे आहे. चौघांतला एकही पडलेला नाही.

हे कसे केले ते लसीकरणाच्या सात जुन्या वह्यांत लिहिले आहे. त्या वह्या सोमनाथला द्याव्यात. थोडक्यात असे. लढाईला लागण्याआधी पहिले दोन डाव नुसते बघावे. कोण कोणाकडे बघतो त्यावरून म्होरक्या कळतो. लांडगा कळपाच्या कडेचे मेंढरू धरतो, तसाच हा खेळही दुबळ्यावर येतो, म्हणून दुबळ्याला कडेला ठेवू नये. विष लावता आले तर लावावे आणि ढालीआड दम काढावा. जमत नसेल तर पळावे, पळण्यात कमीपणा नाही. गुहेतल्या तीन बहिणींपुढून मी अकरा वेळा पळालो. बाराव्या वेळी सगळ्यात धाकटीला आधी झोपवले, कारण मोठ्या दोघी पडल्या तरी तिच्याच जोरावर पुन्हा उठत होत्या. ती लढाई जिंकली तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवत उभा राहिलो. मग ते कोणाला सांगावे म्हणून गहिनीनाथांच्या गोठ्यात गेलो. ते धार काढत होते. "बरं झालं," म्हणाले, आणि शेळीच्या खुराबद्दल विचारले.

औषधाच्या चौसष्ट बाटल्या शिल्लक आहेत. पुढे लागतील म्हणून राखल्या. त्या सोमनाथने सढळ हाताने वापराव्यात.

कलम ८. चौघे जण काळ्या गढीच्या शेवटच्या फाटकाशी बसले आहेत. जून महिन्यापासून बसले आहेत. मी रोज संध्याकाळी कॉम्प्युटर लावतो, ते शेकोटीभोवती दिसतात, मी थोडा वेळ बघतो आणि बंद करतो. गावात वाटते मी अडकलो. मी अडकलेलो नाही. दोनदा आत जाऊन, बघून पळून आलो, त्यात लढाई कशी जिंकायची ते मला कळले आहे. गढीच्या राजाभोवती एक कवच आहे. ते फक्त मंगलच्या मंत्राने फुटते, आणि तो मंत्र तिला सगळ्यात पुढे जाऊनच म्हणावा लागतो. तिसऱ्या डावात तिला पुढे काढायचे, एवढेच बाकी आहे. माझा हात होत नाही. तेवढे एक बटण मी दाबू शकत नाही.

सबब ही लढाई मी सोमनाथला देतो. लढावी की तशीच ठेवावी हे त्याने ठरवावे.

पुरवणी, त्याच दिवशी, सह्यांआधी.

वरील सर्व मजकूर वकीलसाहेबांनी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. कलम ६ संपताच केशरबाईंनी हात वर करून थांबवले. त्या काय बोलल्या ते त्यांच्या संमतीने लिहितो.

"भाऊजी, ती पुढं गेलतीच न्हाई. मी होते ना संगं फाट्यावर. दोन जीपा आल्या अन् दोन्ही तिनं सोडल्या. मी म्हणलं, बाई, बस की. तर म्हणली, ते येतेत, संगंच जाऊ. पाऊण-एक तास दगडावर बसली तुमच्या वाटंला डोळे लावून. मग लईच घाम सुटला तवा मी जबरीनं तिसऱ्या जीपमंदी बसवलं. तिच्या मांडीवर पिशवी होती, त्यात तुमचा सदरा घेतलता तिनं, मुक्काम पडला तर असावा म्हणून."

मी विचारले, "सात वर्षं सांगितलं कावून न्हाई?"

"तुमाला आजून लागलं असतं म्हणून. अन् हे तुमी पोराला मेल्यावर वाचायला देणार व्हय? आत्ता लावा फोन."

मी तांड्यावरून सरळ गेलो होतो. फाट्याला वळसा पडला असता, दहा मिनिटांचा. तेवढा घातला असता तर ती दगडावर बसलेली दिसली असती. हे ऐकून मला हलके वाटले की जड, ते मला सांगता येत नाही. मी रडलो, एवढे वकीलसाहेबांनी पाहिले आहे.

सोमनाथला दोनदा फोन लावला. वाजून बंद झाला. ड्युटीवर असेल. संध्याकाळी पुन्हा लावीन, त्याने उचलेपर्यंत लावीन. तरी गुरुवार जवळ आहे, म्हणून कलम ८ बदलतो आणि ते इथेच लिहून ठेवतो.

सोमनाथ, फाटक उघड. पहिले दोन डाव नुसता बघ. तिसऱ्या डावात आईला पुढे काढ, पण एकटीला नको. ढालवाल्याला तिच्या शेजारी आण. शेजारच्यावर येणारा घाव ढालवाल्याला स्वतःच्या अंगावर घेता येतो. हे वहीत नाही, कारण चार वर्षांत मी तिला माझ्या शेजारी कधी उभीच केली नाही. राजाचा वार लई मोठा आहे, चौसष्ट बाटल्यांनी भरून निघणारा नाही. त्या वाराने मी पडेन. मला वाचवायला तिचा डाव घालवू नकोस. तिला मंत्र पुरा म्हणू दे.

सही: मुंजाजी त्रिंबक देवकते

वरील मजकूर आमच्यासमोर वाचला गेला, त्यांनी आमच्या देखत सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत केली.

साक्षीदार १: वकीलसाहेबांचे कारकून (सही)
साक्षीदार २: केशरबाई, शेजारी (डाव्या अंगठ्याचा ठसा)

ठिकाण: किल्ले धारूर, जिल्हा बीड
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५