सहाव्या पिस्टनवरचं नाव

५ फेब्रुवारी, सोमवार

अकोल्याहून सकाळची एसटी धरली, अमरावतीला गाडी बदलली आणि दुपारी मोर्शीला उतरलो. खुशालराव स्वतः स्टँडवर घ्यायला आले होते. त्यांची संत्र्याची बाग गावापासून चार किलोमीटरवर. बागेतल्या उघड्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, एकोणीसशे त्रेपन्नची विलायती गाडी! बॉनेट उघडलं आणि चोपन्नाव्या वर्षी मला लग्नातल्यासारखं लाजायला झालं. एका ओळीत सहा सिलिंडर. आजकालची इंजिनं प्लास्टिकच्या झाकणाखाली तोंड लपवून बसतात, हे आपलं उघड्या छातीनं उभं. खुशालरावांच्या मिसेस दुर्गाबाई यांनी पाटवडीचा रस्सा आणि भाकरी वाढली. नको नको म्हणेपर्यंत दोन भाकरी जास्तच झाल्या. मंजुषाला फोन करून सांगितलं, बायको, महिनाभर तुझ्या नवऱ्याची मजा आहे.

७ फेब्रुवारी, बुधवार

इंजिन खोललं. रिंगा घासलेल्या, बेअरिंगचा धातू उडालेला, तांब्याचं हेड गॅस्केट मात्र अजून जपून ठेवावं असं. पिस्टन काढून रॉकेलमध्ये धुतले तेव्हा आतल्या बाजूला पंच-हातोडीनं ठोकलेली अक्षरं दिसली. पहिल्यावर ‘शेषराव, तेल्हारा’. पुढच्या चारांवर चार वेगळी नावं. ही आमच्याकडची जुनी रीत. माझे उस्ताद सांगायचे, ज्यानं इंजिन बांधलं त्यानं आपलं नाव आत ठोकायचं, बाहेर मिरवायचं नाही. सहावा पिस्टन कोरा होता. तो पाण्याच्या पंपापासून सर्वांत लांब, म्हणून सर्वांत जास्त तापतो. खुशालराव म्हणाले की सहावा सिलिंडर त्यांनी कधी पेटलेला पाहिलाच नाही, आणि वडिलांच्या काळापासून पाच मिस्त्री झाले, एकही दुसऱ्यांदा आला नाही. मी हसलो. काम चांगलं झालं तर मिस्त्री दुसऱ्यांदा येईल कशाला?

१५ फेब्रुवारी, गुरुवार

अमरावतीहून सिलिंडर बोअर करून इंजिनाचा ब्लॉक आला. नव्या रिंगा चढवल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, टॅपेटचं अंतर पट्टी घालून तीन-तीनदा मोजलं. सहावा पिस्टन आत सोडण्याआधी त्यावर नाव ठोकलं: ‘कुंदन, अकोला’. अक्षरं अशी सुबक उमटली की माझं मलाच कौतुक वाटलं. इंजिन बांधून झालं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

चालू झालं! एक, पाच, तीन, सहा, दोन, चार, अशी ठिणगी फिरते आणि एकही चुकत नाही. हेडवर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी हललं नाही. दुर्गाबाईंनी नारळ फोडला, खुशालरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. बंद केल्यावर माझ्या छातीवर कुणी बसल्यासारखं झालं, दोनेक मिनिटं श्वासच येईना. धूर लागला असेल.

१९ फेब्रुवारी, सोमवार

नवं बांधलेलं इंजिन रोज तासभर मंद चालवावं लागतं. आज बंद केल्यावर दहा मिनिटं तडफडलो. मोर्शीच्या डॉक्टरांनी छाती तपासली, हृदयाची पट्टी काढली, सगळं साफ आहे म्हणाले. धुरापासून लांब राहा, एवढंच औषध. दुर्गाबाईंनी ते मनावर घेतलं. मी शेडकडे वळलो की त्या ओरडतात, भाऊ, तो धूर तुमचा जीव घेऊन राह्यला.

२१ फेब्रुवारी, बुधवार

त्रास धुराचा नाही. गाडी चालू असताना मी ठणठणीत असतो, बंद केली की झटका रोज लांबतो. एक्सलेटर दाबला की मला धाप लागते, सोडला की उतरते. सहाव्याच्या प्लगची वायर काढून पाहिली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. वायर परत लावताच श्वास आला. भीती वाटते, स्पष्टच लिहितो.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

तेल्हाऱ्याला ओळखीतून शेषरावांच्या मुलाचा नंबर मिळाला. तोही आता म्हातारा. मोर्शीचं नाव काढताच म्हणाला, बाप तिथून परत आला तो धापा टाकतच, आणि तिसऱ्या दिवशी गेला. लोक म्हणतात बाबानं इंजिन बांधलं. इंजिनानं बाबाले बांधलं, भाऊ. एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

इंजिन खोलून नाव घासून टाकायचं ठरवलं. बंद केलं, खाली शिरलो, तेलाच्या टाकीचा एक बोल्ट सुटला. दुसऱ्याला पाना लागण्याआधीच श्वास संपला. सरपटत चावीपर्यंत पोचून इंजिन पुन्हा कसं चालू केलं, देव जाणे.

चालू इंजिन खोलता येत नाही. बंद केलं तर खोलणारा उरत नाही. त्या पाचांनाही हे कळलं असेल.

खुशालरावांना सांगितलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, कावून असं बोलून राह्यले, झोप नाई झाली का? मंजुषाला सांगायची हिंमत झाली नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी नऊ

कालपासून गाडी चालूच ठेवली आहे. ड्रायव्हरच्या सीटवर बसून लिहितोय. खुशालराव संत्री घेऊन अमरावतीला गेलेत. येताना पेट्रोल आणा म्हणून हात जोडले. आणतील. पण उद्या? परवा? जन्मभर का पेट्रोल जाळू —

साडेअकरा

काटा लाल पट्ट्यात. रेडिएटरमधून वाफ. उतरून पाणी घालायचं तर पायात बळ —

बारा वाजून दहा

खुशालरावांचा फोन. कॅन भरला, वीस मिनिटांत पोचतो म्हणाले. मी हो म्हणू शकलो नाही. नुसता श्वास ऐकवला.

बारा वीस

पेट्रोल तळाला. सहावा मध्येच चुकतो. चुकला की माझाही — दोन शब्दांपुरती हवा नाही. मंजुषा, तुला सगळं सांगायला हवं —

दुर्गाबाई आल्या. खिडकीतून हात घालून चावी धरली आहे. ओठ निळे पडले म्हणतात, हा धूर आधी थांबवते. मी नको म्हणून मान हलवतो. मान आपोआप थरथरते, तिला हो काय आणि नाही काय. त्यांना कळेना. बोलता येत नाई तर लिहून सांगा म्हणतात, मी वाचते, बंद करू का? वहीवर वाकून एकेक अक्षर मोठ्यानं वाचतायत —

दुर्गाबाई, गाडी बंद कर