सोडलेला हेला

॥ श्री ॥
शहापूर, १२ ऑगस्ट १९७८

चि. सौ. चंद्रकला हिस भोजराजचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे कार्ड पोचले. चिखलणीसाठी नेलेल्या आमच्या जोडीतला एक हेला तुमच्या धानाच्या बांधीत घटसर्पाने गेला, हे वाचून वाईट वाटले. पण रेड्यासारख्या मुक्या जनावराच्या मरणाला कोण काय करणार? कवडूजींना सांग, मनाला लावून घेऊ नका. धान निघाले की दुसरा हेला आणून बांधतो, असे त्यांनी खाली दोन ओळींत लिहिले आहे. त्याची काही गरज नाही. मी तो हेला सोडला. पारावर सगळ्यांदेखत सांगूनही टाकले, की बहिणीच्या घरी मेलेला हेला मी मागून राहिलो का? आनंदराव म्हणाले, मन असावे तर असे.

उरलेला हेला न्यायला तुझ्या वहिनीचा भाऊ गोपीचंद येईल, त्याच्यासोबत धाडून दे. आई बरी आहे. तू दिवाळीला येशील म्हणून आतापासूनच पोह्यांचे धान वेगळे काढायला सांगते.

लोभ आहे तसा असू दे, बाकी काही पाठवू नको.

तुझा भाऊ,
भोजराज


॥ श्री ॥
पिंपळबोडी, ता. साकोली
६ सप्टेंबर १९७८

ती. भाऊस चंद्रकलेचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र यांनी वाचले, घडी करून कोनाड्यात ठेवले आणि जेवायला उठले नाहीत. मला वाटले, एका दिवसाचा राग असेल. पण पोळ्याआधी हे साकोलीच्या बाजारात गेले, तर तुमच्याकडचा एक माणूस भेटला. त्याने चार लोकांत यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तुमच्या साळ्यानं हेला सोडला म्हणते, लय मोठ्या मनाचा माणूस हाय. हे रिकामी थैली घेऊन घरी परत आले. पोळ्याचे सामानसुमान मी शेजारच्या धुरपताकडून मागून आणले.

भाऊ, तुला सोडायला सांगितले कोणी? आम्ही देत नाही म्हटले होते का? पाया पडलो होतो का? हेला यांच्या हातात मेला. त्याच्या तोंडात पाणी घालता घालता हे रडले, ते तुला लिहिले नव्हते. देतो म्हणणाऱ्या माणसाला तू सगळ्या गावासमोर भिकारी करून ठेवले, आणि वरून मोठेपणा घेतला. धुरपता माझ्या दारात येऊन आपले सूप मागते, मी तिच्या दारात जाऊन माझी पायली मागते. भांडतो, चहा पितो. ज्याच्याजवळ काही मागायचेच नाही, त्याच्या दारात माणूस जातो कशाला?

माझे एवढे ऐक. दुसरे पत्र लिही आणि हेला माग. नीट, तगादा करून माग.

रागावले आहे, तरी तुझीच,
चंद्रकला


॥ श्री ॥
शहापूर, १९ सप्टेंबर १९७८

चि. सौ. चंद्रकला हिस आशीर्वाद.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मोठ्या भावाला असे पत्र लिहिताना तुझा हात अडखळला नाही का? तगादा कर म्हणते! मी काय सावकार आहे, की तुझ्या ओसरीवर ठाण मांडून बसू? उद्या गावात म्हणतील, भोजराजने एका हेल्यासाठी बहिणीचा गळा धरला. तेव्हा माझी बाजू घ्यायला तू येणार आहेस का?

कवडूजींचा मान मोठा आहे, मान्य. मग माझा काही लहान आहे का? बाप गेला तेव्हापासून या घरातून कोणी रिकाम्या हाताने गेले नाही. शब्द दिला तो दिला, आता परत घेणार नाही. तुझे पत्र मी आईला वाचून दाखवले. ती पदर डोक्यावर घेऊन आत गेली. म्हाताऱ्या माणसाला त्रास होतो, एवढे तरी समजायला पाहिजे होते.

भाऊबीजेला गुमान ये. हा विषय माझ्याकडून संपला.

भोजराज


॥ श्री ॥
पिंपळबोडी, १४ नोव्हेंबर १९७८

ती. भाऊस शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेला आले नाही. यांनी अडवले नाही. म्हणाले, तुले जायचं तर जा, मी त्या घरचा उंबरठा चढत नाही जोवर तिथं हेला बांधत नाही. यांना मागे टाकून मला येता आले नाही. संध्याकाळी अंगणात पाट मांडला आणि चंद्राला ओवाळले. ज्यांना भाऊ नसतो त्या बाया ओवाळतात तसे. धुरपता बघत होती.

आमच्या दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला गोपीचंद आला होता. रात्री दंडारीचा खेळ पाहायच्या नादात त्याच्या तोंडून निघून गेले. उरलेला हेला एकट्याने जुवाला लागत नाही, तू त्याला विकायला काढला आहेस. नवी जोडी घ्यायची ऐपत नाही म्हणून पुढच्या सालापासून तलावाखालची बांधी केशवरावांना अर्ध्या वाट्याच्या बटईने देतो आहेस. हे खरे का, भाऊ?

ज्या बांधीत आईच्या मागे मागे रोपे लावत मी रोवणा शिकले, ती? आणि मला लिहितोस, काही गरज नाही! गरज तुझ्या गळ्याशी आलेली आणि तू पारावर उभा राहून दान करत होतास. इकडे आमचे धान घरात आले आहे, हे दर बाजाराला हेले पाहून येतात, दाताला हात लावून येतात आणि तसेच परततात. कारण तू घेणार नाहीस. जळो तुझे मोठे मन! त्याच्यापायी तुझी बांधी चालली आणि माझे माहेर चालले. आनंदराव वाहवा करतात, तर चिखलणीला त्यांनाच जुंप.

मागच्या साली बियाणे कमी पडले तेव्हा मी तुला तोंड भरून मागितले होते. आता उद्या अडले तर कोणत्या तोंडाने मागू?

आईला माझा नमस्कार सांग.

चंद्रकला


॥ श्री ॥
शहापूर, ११ एप्रिल १९७९

श्री. कवडूजी यांस भोजराजचा नमस्कार.

पत्रास कारण की, मागच्या पावसाळ्यात आमच्या जोडीतला एक हेला तुमच्याकडे गेला, तो अजून परत आलेला नाही. पुष्कळ दिवस वाट पाहिली. आता थांबणे नाही. अक्षय तृतीयेच्या आत हेला माझ्या दावणीला आणून बांधावा. वयाने आणि उंचीने उरलेल्याला जोड पाहिजे. चढ्या भावाचा आणून माझ्यावर उपकार कराल तर तसाच परत हाकलीन. कासरासुद्धा आमचा होता, तो विसरू नये.

दिवस चुकला तर मी स्वतः येऊन तुमच्या ओसरीवर बसेन, दोन्ही वेळ जेवेन आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगेन. इथे पारावर मी सांगून ठेवले आहे की माझा हेला कवडूजींकडे येणे आहे. आनंदरावांनी तोंड वाकडे केले. करू द्या.

चंद्रकलेस: तुझ्या नोव्हेंबरच्या पत्राचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. उत्तर द्यायचेच नाही असे ठरवले होते. पण परवा केशवराव बटईचे बोलायला आले, तर आई मध्येच ओसरीवर येऊन बसली आणि त्यांच्यासमोर मला म्हणाली, तुले मोठेपणा पायजे, तिले माहेर पायजे, आता कोणाचं राखतं ते सांग. केशवराव चहा न पिताच गेले. उरलेला हेला विकलेला नाही. एकटाच उभा असतो.

तगाद्यास तगादा समजावे, आणि उशीर करू नये.

भोजराज


॥ श्री ॥
पिंपळबोडी, २२ एप्रिल १९७९

ती. भाऊस शि. सा. न. वि. वि.

तुझा तगादा पोचला. यांनी उभ्या उभ्याच दोनदा वाचला. मग म्हणाले, पाहा तुझा भाऊ कसा बोलून राहिला, जसा का मी बुडवणारच होतो. असे बडबडत बडबडत तोंड धुतले आणि पोटभर जेवले. हेला कालच आणला. काळा, कपाळावर पांढरा ठिपका, दात पाहून घेतला आहे. कासरा तुमचाच आहे. तो इतके दिवस आमच्या खुंटीला होता, त्याला कोणी हात लावला नव्हता.

येत्या गुरुवारी पहाटे निघतो. हे हेल्यासोबत पायी येतील, मी साकोलीहून मोटारीने येते. वहिनीला सांग, यांना आधी पाणी दे आणि मग हेल्याला.

माझा रागही अजून गेलेला नाही, तो घेऊनच येते. आणि एक लक्षात ठेव. माझी भाऊबीजेची ओवाळणी तुझ्याकडे राहिली आहे. ती मी सोडलेली नाही. काढून ठेव.

तुझी बहीण,
चंद्रकला